लघाटेकाकांच्या बाटल्या

लघाटेकाका बॉनेट उघडण्याआधी हात धूत. अंगणातल्या नळाखाली, कोपरापर्यंत, साबण लावून. मग पांढऱ्या पंच्याने एकेक बोट पुसून बाह्या पुन्हा मनगटापर्यंत खाली आणत आणि बटणं लावत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "डॉक्टर पण आधीच धुतो ना, ताई?"

शर्ट नेहमी पांढरा आणि इस्त्रीचा. गाड्यांत हात घालणाऱ्या या माणसाच्या शर्टावर मी वर्षभरात एकदाच डाग पाहिला. त्या डागाचं पुढे सांगेनच. आधी त्यांच्याविषयी जे नीट मांडता येतं ते मांडते, कारण माझी सवयच तशी. मी एका शाळेत वेळापत्रकं आणि परीक्षांचं काम बघते. घरी किराण्याची, औषधांची, गाडीच्या सर्व्हिसिंगची अशा तीन वेगळ्या वह्या आहेत. लघाटेकाकांना माझ्यातलं आवडलं असेल तर एवढंच. आणि त्यांनी माझी चूक काढली तीही नेमकी तिथेच.

काका मूळचे ग्वाल्हेरचे. नोकरी सगळी भोपाळच्या मोठ्या कारखान्यात, चाचणी विभागात. तयार झालेली मोटार चालू करायची आणि ती कधी कुरकुरते त्याची वाट बघत शेजारी स्टुलावर बसून राहायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. निवृत्त झाल्यावर पिपलानीच्या कडेला घर बांधलं आणि मागे पत्र्याची शेड घातली. पाटी नाही, हाताखाली कोणी माणूस नाही. गाड्याही एकाच जातीच्या घेत: रस्त्यात मध्येच ताकद सोडणाऱ्या आणि मेकॅनिकच्या दारात नेल्या की शहाण्यासारख्या चालणाऱ्या.

"रोज बंद पडते ती गाडी कोणीपण सुधारेल," ते म्हणत. "माझ्याकडे ती आणा जी कधी कधी पडते."

शेडच्या आतल्या भिंतीला एक लांब फळी होती आणि तिच्यावर औषधाच्या रुंद तोंडाच्या काचेच्या बाटल्या, ओळीने. प्रत्येकीत एकच वस्तू. प्रत्येकीवर कागदाची पट्टी, तिच्यावर गाडीचा नंबर आणि सुवाच्य अक्षरात एक शब्द. 'तडा.' 'उंदीर.' 'गंज.' छपरात एक काचेचा पत्रा बसवलेला होता, त्यातून ऊन बरोबर त्या फळीवर पडे. पहिल्यांदा आत गेले तेव्हा मला शाळेची जीवशास्त्राची खोली आठवली. तिथेही मी फार वेळ थांबत नाही.

एका बाटलीत कडुनिंबाचं पान होतं, काळं पडलेलं, पण अख्खं. पट्टीवर 'पान.' कोलारकडच्या एका वकिलांची जीप. शहरात नीट चालायची, मोठ्या रस्त्याला लागली की पाच-सात मैलांवर दम सोडायची. उभी करून दहा मिनिटं थांबलं की पुन्हा जसं काही झालंच नाही. वकिलांनी चार मेकॅनिक केले, मग एक मांत्रिक केला, शेवटी ती मेहुण्याच्या गळ्यात मारली. मेहुणा काकांकडे आला. काकांनी टाकी उतरवून उन्हात उलटी केली, तेव्हा हे पान बाहेर पडलं. पेट्रोलच्या ओढीबरोबर ते तरंगत जाऊन नळीच्या तोंडावर चिकटायचं. इंजिन बंद झालं, ओढ थांबली, की सुटून तळाशी जायचं.

"मग वकीलसाहेब आले," काका सांगत. "म्हणाले, भूत निकल गया हो तो गाड़ी वापस दे दो, साले साहब. मेहुणा म्हणतो, जीजाजी, भूत मेरा था, गाड़ी भी मेरी."

हे सांगताना काका हसत नसत. बाटली हातात घेऊन हलवत आणि पान तळाशी बसेपर्यंत बघत राहत.

माझी गाडी म्हणजे खरं तर बाबांची. वीस वर्षांची, रुपेरी, त्यांनी निवृत्त होताना घेतलेली. आम्ही मूळ पुण्याकडचे. बाबा याच कारखान्यात बदलून आले आणि इथेच राहिले. त्यांनी गाडी फार जपली. ते थंडीत गेले. उन्हाळ्यात आईच्या मूत्रपिंडांनी हात टेकले आणि डायलिसिस सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. बाग सेवनियातल्या आमच्या घरापासून साकेत नगरच्या हॉस्पिटलपर्यंत. नवरा नोकरीसाठी जबलपूरला, त्यामुळे नेणं-आणणं माझ्याकडे. रस्ता थोडाच आहे. पण आईने पहिल्याच दिवशी अट घातली: जायचं तर ह्यांच्याच गाडीने. परक्या गाडीत मी बसणार नाही.

गाडी बंद पडू लागली ती तेव्हापासून.

वाटेत एक पिंपळ आहे. त्याच्या अलीकडे उंच गतिरोधक. तो ओलांडला की इंजिनाची ताकद एकदम जायची. धक्का नाही, आवाज नाही. पाय दाबत राहावा आणि गाडी आपली मंद होत पिंपळाच्या सावलीत जाऊन उभी राहावी. किल्ली फिरवून काही होत नसे. मी आईला उतरवून पारावर बसवायची, रिक्षा बघायला रस्त्यावर जायची. मग शेवटचं म्हणून किल्ली फिरवावी, तर गाडी सुरू.

मी यादी केली. तारीख, वेळ, पेट्रोल किती, ऊन किती, एसी चालू की बंद, गाडीत कोण. दोन मेकॅनिक झाले. त्यांनी प्लग बदलले, फिल्टर बदलला, कॉइल बदलली. त्यांच्याजवळ गाडी एकदाही बंद पडली नाही. माझ्याजवळही पडली नाही, मी एकटी असताना. यादीत ते स्वच्छ दिसत होतं आणि मला ते वाचायला आवडत नव्हतं. गाडी फक्त आई असताना बंद पडत होती. फक्त हॉस्पिटलला जाताना, येताना कधीच नाही. आणि आई उतरली की सुरू होत होती.

आईला यादीची गरज नव्हती. बाबांना तपकिरीची सवय. गाडीत तो वास नको म्हणून तिने त्यांना कधी गाडीत तपकीर ओढू दिली नाही. बाजारात जाता-येता ते याच पिंपळाखाली गाडी थांबवून, खाली उतरून चिमूट घेत आणि मग आत बसत.

चौथ्यांदा गाडी थांबली तो बुधवार होता. घरी आल्यावर आई शांतपणे म्हणाली, "शुक्रवारी येते. तेव्हाही अडवलं तर त्यानंतर मला नेऊ नकोस."

"आई, ती मशीन आहे."

"चारदा अडवलं त्यांनी. हयात असताना त्यांनी मला कधी कशाला अडवलं नाही. आता अडवतायत तर ऐकायला नको?"

डायलिसिस सोडलं की काय होतं ते डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. थोडे आठवडे, कदाचित तेवढेही नाहीत. आईलाही ते माहीत होतं. म्हणून तर तिचं ते शांत बोलणं मला सहन होईना. गुरुवारी मी शाळेत रजा टाकली आणि शेजारणीने सांगितलेल्या पत्त्यावर गाडी घेऊन गेले.

काकांनी हात धुतले आणि बॉनेट उघडलंच नाही. तळवा बॉनेटवर ठेवला, थोडा वेळ डोळे मिटले. मग मागे जाऊन बसले, उजवीकडे.

"चालवा."

"कुठे?"

"जिथे पडते तिथे."

काका असे मागे बसले की गाडीत कोणी आहे हे आपण विसरत असू. ते बोलत नसत, हलत नसत. एक तळवा सीटवर पालथा. आरशात अचानक नजर गेली की मिटलेले डोळे आणि पांढरा शर्ट. तीन फेऱ्या झाल्या. पिंपळ तीनदा मागे गेला. गाडी सुतासारखी सरळ.

शेडमध्ये परत आल्यावर त्यांनी धुराच्या नळीला पाइप जोडून तो बाहेर काढला, दारं लावली आणि छपरातल्या काचेवर काळी ताडपत्री ओढली. बाहेर भर दुपार, आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. इंजिन चालू. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली घेऊन ते इंजिनावर बारीक तुषार सोडत होते, एवढं फक्त ऐकू येत होतं.

"काय बघताय, काका?"

"निळा किडा. कुठे तडा असला ना, तर वीज तिथून सरपटत बाहेर येते. उजेडात दिसत नाही. एकदा एका मास्तरांच्या गाडीत निघाला होता, एवढा. तडतड करत आला आणि बॉडीत शिरला. मास्तर बाहेर पळाले, मग आलेच नाहीत आत. गाडी त्यांची बायको येऊन घेऊन गेली."

आम्ही अंधारात बराच वेळ उभे होतो. किडा निघाला नाही. त्यांनी ताडपत्री सरकवली तेव्हा ऊन सगळ्यात आधी बाटल्यांवर पडलं.

"हिच्यात काही नाही," ते म्हणाले. "ही साफ आहे. आता सांगा, ती कधी पडत नाही?"

हा त्यांचा खास प्रश्न. कधी बंद पडते हे सगळेच सांगतात, म्हणत. कधी पडत नाही हे कोणी बघत नाही. मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावून ती पहिल्या पानापासून वाचली, परीक्षक वाचतात तशी.

"लिखाई सुंदर आहे," ते म्हणाले. "पण एक कॉलम राहिला."

"कोणता?"

"आई बसतात कुठे?"

पेट्रोलचा काटासुद्धा लिहिला होता मी. "मागे. डावीकडे."

"आणि येताना?"

"पुढे. येताना थकलेली असते, सीट मागे पाडून झोपवते."

त्यांनी चष्मा काढला. गाडीचं मागचं डावं दार उघडून आत वाकले आणि तसेच वाकलेले राहिले.

"तुमच्याकडे तपकीर कोण ओढतं?"

"बाबा ओढायचे."

"गाडीत?"

"कधीच नाही. आईला चालत नसे. आणि बाबा जाऊन आता सहा महिने होतील."

काका बाहेर आले. त्यांनी नळावर जाऊन हात धुतले, खरं तर ते कशाला लागले नव्हते. "उद्या मी येतो. वहिनीसाहेबांबरोबर बसतो मागे."

"आता सीट काढून बघा ना. उद्याची वाट कशाला?"

"वहिनींची जागा आहे ती," ते म्हणाले. "त्यांना विचारल्याबिगर नाही उचलत."

मी चिडले. आईने शुक्रवारचा काय शब्द दिला आहे ते मी त्यांना सांगितलं. उद्या गाडी थांबली तर तुमचा बिघाड सापडेल, पण माझी आई परवापासून उपचार घेणार नाही, हे तुमच्या लक्षात येतंय का?

"येऊन राहिलंय," काका म्हणाले. "म्हणून तर त्यांच्यासमोर सापडायला पाहिजे. मागून सांगितलं तर मानतील का?"

शुक्रवारी ते सकाळी वेळेच्या आधी दारात हजर. आई पायऱ्या उतरली, त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुम्ही मेकॅनिक? वरातीला निघाल्यासारखे दिसताय."

"वहिनीसाहेब, मी फक्त बसून राहणार आहे तुमच्या बाजूला. आपण आपली पूजा, जप, जे काही असेल ते करत चला."

"तुमचं हे मराठी ऐकूनच बंद पडेल ती."

"पडू द्या ना," काका म्हणाले. "पडायलाच पाहिजे."

आई तिच्या जागी बसली. मी निघाले. गतिरोधक दिसला. गाडी थांबू नये असं वाटत होतं आणि मागे बसलेला माणूस ती थांबावी म्हणून डोळे मिटून बसला होता. पुढची चाकं वर चढली, उतरली. मागची चढली, उतरली. आणि माझ्या पायाखालची ताकद गेली.

गाडी पिंपळाच्या सावलीत जाऊन थांबली. वर पानं वाजत होती, आत काही आवाज नव्हता.

"बघा," आई म्हणाली. "आले."

त्या आवाजात तक्रार नव्हती. कोणी वेळेवर घरी आलं की जसं म्हणतात, तसं. आणि मला वास आला. मंद, पण तपकिरीचाच. मी आरशात पाहिलं. काकांचे डोळे मिटलेले, तळवा त्यांच्या आणि आईच्या मध्ये सीटवर पालथा ठेवलेला.

मी किल्लीला हात घातला.

"हात नका लावू," डोळे न उघडता ते म्हणाले. हा त्यांचा नियमच होता. बंद पडलेल्या गाडीला एक चहा होईल इतका वेळ कोणी शिवायचं नाही. "तुम्ही जा, समोरून माझ्यासाठी चहा घेऊन या. तुमच्यासाठीपण. सावकाश या."

आई आणि हॉस्पिटलची वेळ आणि हा चहा. तरी मी गेले. रस्त्यापलीकडच्या टपरीवर गर्दी होती. दोन ग्लास घेऊन परत येताना मागच्या काचेतून दोघांची डोकी दिसली, शेजारी शेजारी, समोर बघणारी, अजिबात न हलणारी. अर्धा रस्ता ओलांडून मी थबकले. चालत राहायला मला स्वतःला सांगावं लागलं.

जवळ गेले तर आईचे डोळे ओले होते. काकांनी ग्लास घेतला. त्यांच्या उजव्या मनगटाशी, बटणाच्या वर, राखाडी डाग होता. बोटभर. त्यांच्या शर्टावर मी पाहिलेला तो एकमेव डाग.

"सापडलं," ते म्हणाले. "वायर होती. या सीटखाली पेट्रोलच्या पंपाची वायर जाते. आतून तुटून राहिली होती, वरून दिसत नाही. वहिनी बसल्या आणि गचका बसला की सुटते. उतरल्या की जुळते."

"एवढंच?"

"एवढंच. उद्या शेडमध्ये आणा, पक्कं करून देतो. आता लावा."

गाडी सुरू झाली. हॉस्पिटलमध्ये आम्ही वीस मिनिटं उशिरा पोचलो, सिस्टर रागावल्या, आईने त्यांना सॉरी म्हटलं. आईने कोणाला सॉरी म्हटल्याचं मला आठवत नाही. सोमवारी सकाळी मी तिला उठवायला गेले तर ती तयार होऊन, पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत बसली होती.

"चल," म्हणाली. "उशीर करू नकोस, ते खोळंबतात."

कोण, ते मी विचारलं नाही. हॉस्पिटलचे लोक, असं मी धरून चालले.

शनिवारी काकांनी गाडी अर्धा दिवस ठेवून घेतली होती. पुढच्या वेळी शेडमध्ये गेले तेव्हा फळीवर आमच्या नंबरची बाटली होती. आत वीतभर वायर, मधोमध चपटी झालेली. पट्टीवर शब्द होता: 'वजन.' माझं यादीतलं डोकं तिथे अडखळलं. आई तेव्हा जेमतेम चाळीस किलोची होती. सीटखालची वायर चेपायला ते वजन पुरे कसं पडलं, असं मी विचारलं. काका म्हणाले, "ताई, काही वजनं दिसायला कमी असतात," आणि दुसऱ्या गाडीसाठी हात धुवायला निघून गेले.

आई त्यानंतर वर्षभराहून जास्त जगली. एकही सोमवार, बुधवार, शुक्रवार चुकला नाही. गाडी एकदाही थांबली नाही. काका अधूनमधून आमच्याकडे येऊन बसत. आई त्यांच्या मराठीला नावं ठेवी, ते तिला ग्वाल्हेरचे किस्से सांगत. गाडीचा विषय दोघंही काढत नसत. पिंपळ ओलांडताना आई डावा हात सीटच्या कडेला खाली सोडी आणि बोटांनी काहीतरी चाचपी. मी आरशात पाहत असे. म्हाताऱ्या माणसांना हाताला चाळा लागतोच, असं मी मनाशी म्हणत असे.

ती गेली तेव्हा दहाव्याच्या आदल्या दिवशी काकांचा फोन आला.

"नर्मदेवर कधी निघता? मी पण येतो. पण आधी सीट उचलायची आहे. माझ्यासमोर उचला."

सकाळी ते आले. हात धुतले. मागच्या सीटची गादी पुढून धरून वर उचलली. खाली धातूची गोल झाकणी, तिच्यातून निघालेली नवी वायर, आणि वायरपासून वीतभर दूर एक लोखंडी पट्टी, काकांनी घडवलेली, आतून रबर लावलेली. पट्टीत पितळेची डबी घट्ट बसवली होती. बाबांची तपकिरीची डबी.

मी ती हातात घेतली. हलकी होती. उघडायची गरज पडली नाही. बाबांच्या अस्थी नर्मदेत सोडायला याच गाडीने गेलो होतो आम्ही, आणि आई मागे डावीकडे, कलश मांडीवर घेऊन बसली होती.

"थोडी राख ठेवून घेतली होती त्यांनी," काका म्हणाले. "पाठ आणि बैठक यांच्यामधल्या फटीतून आत सरकवली. ती घसरत घसरत येऊन बरोबर वायरवर बसली. वहिनींना कोणाला सांगायची लाज वाटत होती. असं ठेवत नाहीत ना आपल्यात."

"त्या दिवशी, मी चहा आणायला गेले तेव्हा—"

"त्या म्हणाल्या, हे मला अडवतात. मी म्हटलं, वहिनीसाहेब, ते नाही अडवत. तुम्ही त्यांच्यावर बसून राहिल्या आहात. उठा जरा." त्यांनी गादी पुन्हा जागी बसवली. "आधी हसल्या. मग रडल्या. डबीचं झाकण थोडं उघडलं होतं, मी दाबून लावलं. मग विचारलं मला, हे पाप आहे का. मी म्हटलं, मला फक्त मोटारीचं कळतं. ठेवा, पण वायरवर नका ठेवू."

गाडीत वर्षभर आम्ही तिघं होतो आणि मी वहीत दोनच लिहीत होते.

नर्मदेवर आम्ही कलश आणि डबी दोन्ही सोडली. डबी तरंगेल असं मला वाटलं होतं. ती लगेच बुडाली. परतताना काकांना पिपलानीला सोडायचं म्हणून मी घरावरून पुढे, त्या हॉस्पिटलच्याच रस्त्याने गेले. दुपारचे तीन वाजले असतील, लख्ख ऊन. काका नेहमीसारखे मागे उजवीकडे. डावी जागा रिकामी. सीटखालची पट्टी रिकामी. वायर नवी.

गतिरोधक आला. पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली, उतरली.

ताकद गेली.

तसंच. धक्का नाही, आवाज नाही. गाडी आपली मंद होत पिंपळाच्या सावलीत गेली आणि उभी राहिली. मी आरशात पाहिलं. काकांचे डोळे उघडे होते. ते शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत होते.

"काका."

"हात नका लावू."

आम्ही बसून राहिलो. चहा आणायला त्यांनी मला पाठवलं नाही. एक चहा होईल तेवढा वेळ गेला असेल, जास्तच. त्यांनी हात लांब करून डाव्या जागेवर तळवा ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, मग उचलून घेतला.

"आता लावा."

गाडी लागली. पिपलानीला पोचलो. घराशी उतरताना दार धरून म्हणाले, "गाडी दोन-तीन दिवस राहू द्या माझ्याकडे. आणि ताई, हे वहीत लिहू नका."

मी लिहिलं नाही.

चौथ्या दिवशी गाडी आणायला गेले. ती शेडबाहेर उभी होती, धुतलेली. त्यांनी सगळं उघडून पाहिलं होतं. टाकी उतरवली होती, वायर नव्याची आणखी नवी घातली होती, ताडपत्री ओढून अंधारात बसले होते. "चांगली आहे," एवढंच म्हणाले. "घेऊन जा." त्या दिवाळीत ते मुलीकडे रायपूरला कायमचे राहायला गेले, आणि पुढे त्यांची फक्त खुशाली कळत राहिली.

त्या दिवशी किल्ली घेऊन निघताना शेडच्या दारातून मला ते शेवटचे दिसले. छपराच्या काचेखाली, फळीपाशी. 'वजन' लिहिलेल्या बाटलीशेजारी ते आणखी एक बाटली ठेवत होते. तिच्यावरही आमच्याच गाडीचा नंबर होता, पुढे शब्द नव्हता. आत काही नव्हतं. ठेवता ठेवता त्यांनी ती पुन्हा उचलली, उन्हासमोर धरून सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली, आणि झाकण घट्ट आवळलं.